वृक्षसंगोपनाचे व्रत

ग्वाल्हेरचा किल्ला चढून जाताना वाटेत चतुर्भुज विष्णूचे एक लहान मंदिर लागते. अखंड खडकातून कोरून काढलेले हे मंदिर प्रतिहार सम्राट मिहिरभोजाच्या काळातील आहे. तेथे विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ मधील एक शिलालेख आहे. त्यातील २७० आणि ५० या संख्यांमध्ये शून्य हे आजच्याप्रमाणेच वर्तुळाकार कोरलेले असल्यामुळे दूरदूरचे गणिती ते पाहावयास येतात. आपल्या गावच्या या शून्याचा आपणांस अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या संख्यांत ते शून्य आले आहे त्या संख्या कशाच्या आहेत, हा प्रश्न आपल्यापैकी थोड्यांनीच स्वतःस विचारला असेल.

त्या संख्या एका बागेच्या आहेत. गावाने देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद अशी जमीन दिली आणि देवाला रोज ५० माळा अर्पण व्हाव्यात अशी व्यवस्था केली, असा त्या लेखाचा आशय आहे. एक हात दीड फुटाचा धरला तर ही जमीन अडीच एकरांहून थोडी अधिक भरते. यातील मर्म असे की २७० ही संख्या दानाची आहे आणि ५० ही संख्या नित्यकर्तव्याची आहे. जमीन एका दिवसात देता येते. माळा मात्र रोज गुंफाव्या लागतात, आणि त्यासाठी रोज पाणी घालणारे, तण काढणारे, फुले खुडणारे हात लागतात. सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वीच्या त्या नगरजनांनी दान लिहिताना कर्तव्यही लिहून ठेवले. आज आपण वृक्षारोपणाचे समारंभ करतो तेव्हा पहिली संख्या उत्साहाने मोजतो आणि दुसरी विसरतो. प्रस्तुत लेखाचा विषय ही विसरलेली दुसरी संख्या आहे.

१. नगराला वृक्ष कशासाठी हवेत?

आपले नगर तीन वस्त्यांचे मिळून झाले आहे : किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून वाढलेले लष्कर आणि पूर्वेकडील मुरार. येथील निसर्ग सौम्य नाही. वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि दुपारी लू वाहते. पौषातील काही पहाटे तोच पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. वर्षभराचा बहुतेक पाऊस आषाढ ते भाद्रपद या तीन महिन्यांत पडून जातो. ज्या गावाचा निसर्ग असा टोकाचा असतो त्या गावात वृक्ष ही शोभेची वस्तू नसून संरक्षणाची वस्तू असते.

वृक्ष उष्णता कशी कमी करतो हे नीट समजून घ्यावे. दगड, विटा, डांबर आणि सिमेंट ही दिवसभर सूर्याची उष्णता पिऊन घेतात व रात्री ती परत सोडतात. म्हणून दाट वस्तीत मध्यरात्रीही भिंतीला हात लावला तर ती तापलेली लागते. वृक्ष दोन प्रकारांनी हे थांबवितो. पहिला प्रकार सावलीचा : ज्या भिंतीवर व ज्या रस्त्यावर ऊन पडलेच नाही, ते तापणारच नाहीत. दुसरा प्रकार आपल्या घरच्या माठाचा आहे. माठाच्या अंगातून पाणी झिरपून त्याची वाफ होते आणि त्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते, म्हणून आतले पाणी गार राहते. वृक्षाची पानेही मुळांनी ओढलेले पाणी अशाच प्रकारे हवेत सोडीत असतात. मोठा वड म्हणजे हजारो लहान माठ टांगलेले एक छत्रच होय. पत्र्याच्या सावलीत जीव घाबरा होतो आणि वडाखाली निवतो, याचे कारण हेच.

पावसाच्या बाबतीतही वृक्षाचे उपकार असेच आहेत. सरीचा मार तो आपल्या पानांवर झेलतो, पाणी हळूहळू खाली उतरवितो, आणि त्याच्या मुळांनी पोकळ केलेल्या मातीत ते जिरते. जेथे सगळी जमीन फरशीने झाकली आहे तेथे तेच पाणी गल्लीतून लोंढ्याने धावत स्वर्णरेखेच्या पात्राकडे जाते. चार दिवसांनी त्याच गल्लीतील विहीर व कूपनलिका कोरडी असते. अतिवृष्टी आणि पाणीटंचाई एकाच वस्तीत, एकाच वर्षात नांदताना आपण पाहतो, त्याचे एक मोठे कारण झाकलेली माती हे आहे.

हा ताप सर्वांना सारखा होत नाही, हेही ध्यानी ठेवावे. ज्याच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे तो दार लावून घेतो. हातगाडीवाला भाजीविक्रेता, रिक्षा चालविणारा, बांधकामावरची मजूर स्त्री, दुपारी शाळेतून परतणारे मूल, आणि देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालणारी वृद्ध आजी यांच्यासाठी मात्र रस्त्याकडेचे झाड हेच घर असते. म्हणून वृक्ष लावणे व जगविणे हे अन्नदानाच्या पंक्तीत बसणारे पुण्यकर्म आहे.

२. पूर्वसूरींनी काय सांगितले?

आपल्या परंपरेत वृक्षाची महती मोठी आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना वृक्षांमध्ये अश्वत्थाचे नाव घेतले आहे. मत्स्यपुराणात एका वृक्षाची योग्यता दहा पुत्रांइतकी मानली आहे आणि वृक्ष लावण्याच्या उत्सवाचा विधीही त्यात स्वतंत्रपणे सांगितला आहे. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला माणसांना व पशूंना सावली व्हावी म्हणून वड लावल्याचे आपल्या स्तंभलेखात नमूद केले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसांस हात लावू नये अशी सक्त ताकीद आहे. कारणही दिले आहे : ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकराप्रमाणे बहुत काळ जतन करून वाढविलेली असतात. राज्याच्या आरमाराहून रयतेच्या श्रमाची ही बूज अधिक ठेवण्यासारखी वाटावी, यातच त्या राज्याचा मोठेपणा आहे.

परंतु महती गाणे निराळे आणि पद्धत शिकविणे निराळे. पद्धत शिकविणारा आचार्य आपल्या शेजारच्या उज्जयिनीचा आहे. सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिर याने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेद नावाचा एक अध्याय लिहिला आहे. त्यात तो दोन वृक्षांमधील अंतर सांगतो : २० हात उत्तम, १६ हात मध्यम आणि १२ हात किमान. जवळजवळ लावलेल्या झाडांची मुळे एकमेकांत गुंततात व ती नीट फळत नाहीत, हे त्याचे निरीक्षण आहे. पाण्याचा नियमही त्याने दिला आहे : लावलेल्या झाडास उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड, आणि पावसाळ्यात जमीन सुकलेली दिसेल तेव्हा पाणी द्यावे. ज्या पुरुषाची दृष्टी ग्रहताऱ्यांवर होती त्याला रोपाच्या आळ्यातील माती सुकली की नाही हे पाहणे कमीपणाचे वाटले नाही.

३. व्रत वृक्षाचे, आणि घाव वृक्षावर

आता थोडे आपल्या आचरणाकडे वळू. येथे मला आधी स्वतःचाच दोष सांगितला पाहिजे.

ज्येष्ठी पौर्णिमेस आपल्या महाराष्ट्रीय कुटुंबांत वटसावित्रीचे व्रत असते. आपल्या उत्तरेकडील शेजारणी हेच व्रत त्याच्या पंधरा दिवस आधी, अमावास्येस करतात. म्हणजे ग्वाल्हेरात वडाची पूजा एका पंधरवड्यात दोनदा होते, आणि तीही उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात. पूजा वृक्षापाशी जाऊन झाली तर यासारखी सुंदर गोष्ट नाही. पण पुष्कळ घरांत वडाची फांदी आणून पाटावर ठेवून पूजा करण्याची रीत पडली आहे, आणि बाजारात अशा फांद्यांच्या जुड्या विकावयास येतात. ज्या पंधरवड्यात वडाच्या सावलीची सर्वांत अधिक गरज असते, त्याच पंधरवड्यात त्याच्यावर दोनदा कोयता चालतो.

मी पूजाऱ्याचा मुलगा. वडील पूजा सांगावयास जात त्या घरांसाठी फांद्या आणण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे होते. आमच्या वस्तीच्या वळणावर एक वड होता. हाताला लागतील त्या फांद्या मी त्याच्या रस्त्याकडील अंगाच्या तोडीत असे. दुसरेही तोडीत, परंतु माझे तोडणे त्यामुळे हलके ठरत नाही. वर्षांमागून वर्षे एकाच अंगाने तुटत गेल्यामुळे त्या वडाचा भार दुसऱ्या अंगावर गेला. एका ज्येष्ठात, पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले असताना, धुळीच्या वादळात तो कलला आणि रात्रीतून पडला. सकाळी वडील तेथे गेले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ज्याच्याजवळ आयुष्य मागितले, त्याचेच आयुष्य आपण खुडीत आलो रे." त्यांनी मला एकट्याला बोल लावला नाही, 'आपण' म्हटले. ते 'आपण' मला अधिक लागले.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात प्रायश्चित्त म्हणून आम्ही काही तरुणांनी जवळच्या मोकळ्या जागेत २१ रोपे लावली. नारळ फोडला, पेढे वाटले, छायाचित्र काढले. पाणी कोणी घालावयाचे हे मात्र कोणी ठरविले नाही, कारण प्रत्येकाला वाटत होते की दुसरा घालीत असेल. पुढच्या अक्षय तृतीयेस मी तेथे गेलो तेव्हा दोन रोपे हिरवी होती आणि एकोणीस काटक्या होत्या. वड एका वादळाने पडला होता. ही एकोणीस रोपे आमच्या निष्काळजीपणाने गेली. तेव्हापासून हा विषय मी जमेल तसा अभ्यासीत आलो आहे. माझे शिक्षण शाळेपुरतेच आहे. तरी ठेच लागून जे शिकलो ते वडीलधाऱ्यांपुढे नम्रपणे ठेवीत आहे.

विजयादशमीचेही असेच आहे. कंपूतील टेकडीवर मांढरे यांची माता म्हणून जी देवी आहे, तिचे स्थान जयाजीराव शिंदे यांच्या काळापासूनचे आहे. तेथे दसऱ्यास शिंदे घराण्याकडून शमीपूजन होते, शमीच्या फांदीस तलवारीचा स्पर्श होतो आणि लोक सोने म्हणून तिची पाने घेतात. पांडवांनी अज्ञातवासापूर्वी आपली शस्त्रे शमीवर ठेविली, आणि रघुराजाने कौत्साच्या गुरुदक्षिणेसाठी आपट्यापाशी सुवर्णाची वृष्टी करविली, या कथा आपण मुलांना त्या दिवशी सांगतो. दोन्ही कथांमध्ये वृक्ष हा राखणारा आणि देणारा आहे. मग सोने लुटताना आपण त्या वृक्षाची फांदी न् फांदी ओरबाडावी, हे कथेशी सुसंगत नाही. एका घराने एक पान घ्यावे व त्या बदल्यात एक शमी किंवा आपटा वाढवावा, असे केल्यास परंपरा मोडत नाही, उलट तिचा अर्थ उजळतो. आपट्याच्या नावाखाली कांचनाची पाने विकली जातात, हे तर आपट्याची झाडे दुर्मिळ होत चालल्याचेच लक्षण आहे.

४. रोप कसे लावावे व कसे जगवावे?

ग्वाल्हेरच्या टेकड्या वालुकाश्माच्या आहेत. पुष्कळ ठिकाणी वीतभर मातीखाली खडक लागतो. म्हणून येथे रोपाचे भवितव्य खड्ड्यावर अवलंबून असते. खड्डा पावसाळ्यापूर्वी, वैशाखातच खणावा. तो दोन फूट लांब, रुंद व खोल असावा आणि काही आठवडे उन्हात तापू द्यावा. मग चांगली माती, कुजलेले शेणखत आणि वाळवीपासून रक्षणासाठी थोडी निंबोळी पेंड यांनी तो भरावा. पहिले दोन-तीन दमदार पाऊस होऊन माती बसली म्हणजे रोप लावावे, आणि ही लावणी श्रावणाच्या मध्यापर्यंत आटोपावी, म्हणजे थंडीपूर्वी मुळांना धरण्यास अवधी मिळतो. रोप हातभर उंचीचे घेण्यापेक्षा छातीएवढे, जाड बुंध्याचे घ्यावे. प्लास्टिकची पिशवी काढल्याशिवाय रोप लावू नये. ही चूक हास्यास्पद वाटेल, पण घाईच्या समारंभांत ती नेहमी घडते.

आळे बुंध्यापासून हातभर अंतराने गोल करावे आणि त्यात वाळलेला पाचोळा पसरावा. मंदिराच्या व घराच्या अंगणातील पाचोळा जाळणे हे दुहेरी पाप आहे : धूर होतो तो वेगळाच, आणि मातीचे पांघरूणही नाहीसे होते. देवाचे निर्माल्य निवडून, त्यातील दोरा व प्लास्टिक काढून, खड्ड्यात कुजवावे. उत्तम खत होते. अभिषेकाचे साधे पाणी आळ्यास चालते. दूध, मीठ किंवा साबण मिसळलेले पाणी घालू नये. पहिल्या थंडीत जांभूळ, आंबा यांसारख्या कोवळ्या रोपांवर रात्री गवताचे किंवा जुन्या धोतराचे आच्छादन करावे, कारण येथील दहिवर त्यांना जाळते.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. उन्हाळ्यात रोपास वरवर शिंपडलेले पाणी निरुपयोगी असते. ते वाऱ्याने उडून जाते. येथे आपल्या देवघराने आपणांस एक युक्ती आधीच शिकविली आहे. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर आपण गळती बांधतो. तीतून थेंब थेंब पाणी दिवसभर पडत राहते व एक कळशी पुष्कळ वेळ पुरते. तीच गळती रोपाच्या मुळाशी बांधावी. कच्च्या भाजणीचे एक मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे, वर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपत मुळांपर्यंत जाते आणि वाफ होऊन फारसे वाया जात नाही. आठवड्यातून दोन-तीनदा मडके भरले की पुरते. पिंडीवरील गळती आपण एक दिवसही कोरडी पडू देत नाही. रोपाची गळती कोरडी पडू न देणे ही त्याच देवाची पूजा होय.

तिसऱ्या उन्हाळ्यानंतर बहुतेक देशी झाडे आपल्या मुळांवर उभी राहतात. म्हणून नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे : एक कुटुंब, एक वृक्ष, तीन उन्हाळे.

मोठ्या झाडांविषयीही एक सूचना आवश्यक आहे. रस्ता किंवा अंगण फरसबंद करताना बुंध्यापर्यंत सिमेंट आणून भिडविणे म्हणजे त्या वृक्षाचा गळा आवळणे होय; मुळांना पाणीही मिळत नाही आणि हवाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला तो याच कारणाने. आपल्या मंदिरांतील पारांकडेही या दृष्टीने पाहावे. पार सुंदर दिसावा म्हणून त्यावर बसविलेली चकचकीत फरशी पिंपळाला उपाशी ठेवीत नाही ना, हे तपासावे. झाड तोडणे आवश्यकच झाले तरी ते मनास येईल तसे करता येत नाही. मध्य प्रदेशात नगरांतील वृक्षांच्या रक्षणासाठी २००१ चा कायदा आहे व त्यानुसार परवानगी घ्यावी लागते.

५. कोणता वृक्ष कोठे?

वृक्षाची निवड जागेप्रमाणे करावी. अरुंद गल्लीत वड लावणे हे जसे चुकीचे, तसेच मोठ्या मैदानात शोभेची झुडपे लावून समाधान मानणेही चुकीचे.

वड आणि पिंपळ यांना मोकळी जागा, घराच्या पायापासून व जलवाहिनीपासून पुरेसे अंतर द्यावे. रस्त्याच्या कडेस कडुनिंब आणि करंज उत्तम; दोन्ही उष्णता व दुष्काळ सोसतात आणि दाट सावली देतात. नाल्याच्या व नदीच्या काठी अर्जुन आणि जांभूळ लावावेत. त्यांना ओल मानवते आणि त्यांची मुळे काठ धरून ठेवतात. अंगणात बेल, आवळा, आपटा, पारिजातक पुरेसे होतात. शमीस आपल्या भागात छोंकर म्हणतात. ती कोरड्या, हलक्या जमिनीतही टिकते. खडकाळ टेकड्यांसाठी आपल्या परिसराचाच एक वृक्ष आहे, करधई. शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात तो विपुल आहे. उन्हाळ्यात तो वाळून गेल्यासारखा दिसतो आणि हवेत पावसाची नुसती ओल आली की हिरवा होऊ लागतो. असा धीराचा वृक्ष जवळ असता दूरदेशीच्या रोपांमागे का धावावे?

लवकर वाढणाऱ्या परदेशी झाडांचा मोह सर्वत्र दिसतो. चंबळच्या खोऱ्यात विलायती बाभूळ कशी माजली आहे हे भिंड-मुरैनाकडे जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. तिच्याखाली दुसरे काही सहसा वाढत नाही. कोनोकार्पस नावाचे झाड अनेक शहरांत मोठ्या प्रमाणावर लावले गेले, आणि २०२३ मध्ये गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. हिरवे दिसते ते सारेच हितकर नसते.

चिंचेचे एक झाड तर ग्वाल्हेरचे वैभवच आहे. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची पाने गळा गोड व्हावा म्हणून गायक श्रद्धेने चघळीत आले आहेत. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील नगर म्हणून मान दिला. ज्या नगराच्या संगीताची कीर्ती एका झाडाच्या पानांशी जोडली गेली आहे, त्या नगराने वृक्षांविषयी उदासीन राहणे शोभत नाही.

६. अन्य नगरांचा अनुभव

१९५० मध्ये त्या वेळचे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो होतो. २०२४ च्या जागतिक पर्यावरणदिनी आईच्या नावाने एक झाड लावण्याचे देशव्यापी आवाहन झाले, आणि त्याच वर्षी १४ जुलैस इंदूर नगरीने रेवती टेकडीवर चोवीस तासांत १२ लाखांहून अधिक रोपे लावून जागतिक विक्रम नोंदविला. आपल्या होळकरी भगिनीनगरीचा हा उत्साह प्रशंसनीय आहे. तथापि रोपणाचा विक्रम एका दिवसात होतो. संगोपनाचा विक्रम नोंदविणारे पुस्तक नाही, तो फक्त सावलीत नोंदला जातो.

या दृष्टीने मराठवाड्यातील लातूरचे उदाहरण मला अधिक बोधप्रद वाटते. २०१६ च्या उन्हाळ्यात त्या शहराला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. अशी तहान भोगलेल्या त्या गावात २०१९ पासून ग्रीन लातूर वृक्ष टीम या नावाने नागरिक एकत्र आले आणि त्यांनी झाडे लावण्याबरोबरच त्यांना पाणी घालणे, आळी करणे हे नित्याचे काम मानले. डॉक्टर, शिक्षक, व्यापारी, विद्यार्थी असे निरनिराळे लोक रोज काही वेळ देतात. पन्नास माळांचे तत्त्व ते हेच.

परदेशांतही हाच अनुभव आहे. सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी जून १९६३ मध्ये एक झाड लावून त्या बेटावर वृक्षारोपणाची चळवळ आरंभिली आणि १९७१ पासून तेथे वृक्षारोपणदिन पाळला जाऊ लागला. तेथील यश एका दिवसाचे नसून दशकानुदशके चाललेल्या देखभालीचे आहे. युरोपातील एका नगरवन-तज्ज्ञाने २०२१ मध्ये एक सुटसुटीत कसोटी सुचविली : प्रत्येक घरातून किमान तीन मोठी झाडे दिसावीत, प्रत्येक वस्तीच्या तीस टक्के भागावर वृक्षांचे छत्र असावे, आणि प्रत्येकाला तीनशे मीटरांच्या आत एखादे उद्यान मिळावे. ही कसोटी आपल्या गल्लीस लावून पाहावी. पहिल्याच अटीत आपल्यापैकी कितीजण उत्तीर्ण होतील?

७. आपण काय करावे?

आपल्या मंदिर-समाजाचे बळ असे की आपण दररोज एकत्र येतो. पाणी घालण्यासाठी माणसे शोधावी लागत नाहीत. ती काकडआरतीस आणि सांजारतीस येतातच. म्हणून पुढील गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत.

पहिली : या पावसाळ्यात जितकी कुटुंबे नाव देतील तितकीच रोपे लावावीत, एकही अधिक नाही. दुसरी : प्रत्येक रोपाजवळ एक मडके पुरावे आणि कोणत्या कुटुंबाकडे कोणते रोप हे मंदिराच्या फलकावर लिहावे, ते कुटुंब परगावी गेल्यास पाण्याची पाळी कोणाकडे, हेही लिहावे. तिसरी : वटपौर्णिमेस फांदी विकत न घेता उभ्या वडापाशी जावे, ज्या वृद्ध भगिनींना जाणे शक्य नाही त्यांनी कुंडीतील वडाच्या रोपाची पूजा करावी आणि ते रोप पावसाळ्यात योग्य जागी लावावयास द्यावे. चौथी : मुंज, विवाह, वाढदिवस, श्राद्ध अशा प्रसंगी वृक्षाचा संकल्प करावयाचा असेल तर त्याबरोबर तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचाही संकल्प उच्चारावा. पाचवी : दरवर्षी अक्षय तृतीयेस, कडक उन्हात, रोपांची मोजणी करावी व जिवंत किती आणि वाळली किती हे खरेखुरे या पत्रिकेत छापावे. लावलेल्या रोपांची संख्या छापण्याची आवश्यकता नाही.

शेवटी त्या पडलेल्या वडाविषयी. वडाची जाड फांदीही पावसाळ्यात जमिनीत रोवली तर रुजते, हे मला एका वृद्ध माळीबुवांनी सांगितले. पडलेल्या वडाची मनगटाएवढी एक फांदी आम्ही वडिलांच्या हस्ते मोकळ्या जागेत रोवली होती. ती त्या एकवीस रोपांत नव्हती. कोणी तिच्याजवळ छायाचित्र काढले नव्हते. वडिलांनी तिच्याजवळ एक जुने मडके पुरले आणि देवळातून घरी येताना ते रोज त्यात तांब्याभर पाणी ओतीत. तिने तीन उन्हाळे काढले आहेत. गेल्या ज्येष्ठी पौर्णिमेस वस्तीतील काही सुवासिनींनी तिच्याभोवती सूत गुंडाळले. सावली अजून एका माणसापुरतीच आहे. वडील तीत बसत नाहीत; म्हणतात, "भाजीवाल्याला बसू दे, मी देवळात बसतो."

चिंतनासाठी प्रश्न (घरी मुलांसमवेत चर्चा करावी)

१. चतुर्भुज मंदिराच्या शिलालेखातील २७० आणि ५० या दोन संख्या कोणत्या दोन कर्तव्यांची आठवण देतात?

२. माठातील पाणी आणि वृक्षाखालची हवा थंड होण्याचे कारण एकच कसे?

३. वराहमिहिराने सांगितलेला पाण्याचा नियम कोणता? आपल्या अंगणातील झाडास तो लावून पाहा.

४. आपल्या घराच्या खिडकीतून किती मोठी झाडे दिसतात? आजोबांच्या लहानपणी किती दिसत होती, हे त्यांना विचारा.

५. आपल्या कुटुंबातील कोणते व्रत किंवा सण वृक्षाशी जोडलेला आहे? त्या दिवशी आपण वृक्षाला काय देतो आणि त्याच्याकडून काय घेतो?

इति शुभम्.